मदरबोर्ड आणि रॅम: प्रोसेसरला अडवणार नाही अशी जोडी कशी जमवायची

डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचा ठरला की सगळी चर्चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची होते. मदरबोर्ड आणि रॅम कोटेशनच्या खालच्या ओळींत येतात, उरल्यासुरल्या पैशांत. याउलट काही जण दिवे लुकलुकणारा महागडा बोर्ड आधी पसंत करतात आणि मग प्रोसेसर एक पायरी खालचा घेतात. दोन्हीकडे पैसा चुकीच्या जागी जातो. मदरबोर्ड प्रोसेसरला वेग देत नाही. त्याने प्रोसेसरच्या आड येऊ नये, एवढीच अपेक्षा. पुरेशी वीज देऊ शकणाऱ्या दोन बोर्डांवर, एकाच सेटिंगवर, एकच प्रोसेसर लावला तर निकालात फरक पडतो तो नगण्य. रॅमचं तसं नाही. तिथे एक स्टिक की दोन, वेगाचा आकडा ४८०० की ६०००, याने काही कामांत खरोखर फरक पडतो आणि काही कामांत अजिबात नाही.

म्हणून बाजारात जाण्याआधी थोडा गृहपाठ करावा. पुढचा क्रम पहिल्यांदाच मशीन जमवणाऱ्यांसाठी आहे. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे भाग ठरलेल्या वेगाच्या पुढे पळवण्याची, हौस असणाऱ्यांना यात फारसं काही सापडणार नाही.

पायरी १: काम कोणतं ते ठरवा

५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचा (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका भागाचा) एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. हवा तो डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, सापडला तर ठीक. नाही सापडला तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि डीडीआर५ (रॅमची नवी पिढी, आधीची डीडीआर४) मशीनवर या फेरीला साधारण ७० ते ९० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे साडेतीनशे ते साडेचारशे ठोके तो कोअर त्या डेटाची वाट बघत बसणार. आजचे प्रोसेसर यावर बरेच उपाय करतात, पुढे काय लागेल याचा अंदाज घेऊन डेटा आधीच मागवून ठेवतात, तरी हे थांबणं पूर्ण टळत नाही.

ज्या कामाचा डेटा कॅशमध्ये मावतो, त्याला रॅमच्या वेगाचं सोयरसुतक नसतं. सीपीयूवर होणारं थ्रीडी रेंडरिंग हे त्याचं ठळक उदाहरण: रॅम महागडी लावा नाहीतर साधी, वेळ जवळपास तेवढाच. फाइल कॉम्प्रेशन, मोठा कोड कंपाइल करणं, आणि ज्या गेममध्ये ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरच कमी पडतो असे गेम, इथे मात्र रॅमचा हात जाणवतो. ऑफिसचं काम, टॅलीची एंट्री, ब्राउझर यांना वेगापेक्षा क्षमता महत्त्वाची. रॅम भरली की विंडोज एसएसडीवर पसारा टाकायला लागतं, आणि मग ६००० काय नि ८००० काय, मशीन रडतंच. आज नवीन मशीनला १६ जीबी ही किमान मर्यादा धरा. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा प्रोग्रामिंग असेल तर ३२.

एक गट वेगळा काढायला हवा: ज्यांच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नसणार आहे. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी यांसारख्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग स्वतंत्र मेमरी बाळगत नाही, आपल्या रॅममधूनच खातो. डीडीआर४-३२००ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते आणि दोन लावल्या तर ५१.२. त्याच चिपवर, त्याच गेममध्ये, फक्त दुसरी स्टिक लावल्याने फ्रेम रेट इतका वाढतो की मशीन बदलल्यासारखं वाटतं. अशा मशीनला १६ जीबीची एक स्टिक देणं म्हणजे पैसे देऊन अर्धी चिप बंद ठेवणं.

पायरी २: सॉकेट, आणि डीडीआर४ की डीडीआर५

इथे मनाजोगं करायला फारसा वाव नसतो. प्रोसेसर ठरला की सॉकेट, म्हणजे बोर्डावर तो बसण्याची जागा, ठरलं.

एएमडीचं एएम४ सॉकेट डीडीआर४ चालवतं. एएम५ हे सप्टेंबर २०२२मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आलं आणि ते फक्त डीडीआर५ घेतं. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीला एलजीए१७०० लागतं. त्यात डीडीआर४चे बोर्डही मिळतात आणि डीडीआर५चेही, पण एका बोर्डावर एकच प्रकार. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागतं, तेही फक्त डीडीआर५वर. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. बसत नाही म्हटल्यावर जोर लावू नका.

पुढे प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर सॉकेटचं आयुष्य बघा. एएम४चे पहिले रायझन २०१७मध्ये आले, आणि त्या काळात घेतलेल्या अनेक बी३५० बोर्डांवर बायॉस (बोर्डाचं अंगभूत सॉफ्टवेअर) बदलून पुढे २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालला. एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. एलजीए१७००चा प्रवास १४व्या पिढीशी संपला. याचा अर्थ ते घेऊ नये असा नाही. घरात डीडीआर४ची चांगली ३२ जीबी रॅम पडून असेल तर बी७६०चा डीडीआर४ बोर्ड आणि १२वी किंवा १३वी पिढी हा आजही शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. २०२५च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, त्यानंतर तर जास्तच.

पायरी ३: चिपसेटचं अक्षर

बोर्डाच्या नावातलं अक्षर त्याचा चिपसेट सांगतं, म्हणजे पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी बोर्डावरची मुख्य चिप. एएमडीकडे ए, बी, एक्स. इंटेलकडे एच, बी, झेड. अक्षरं चढत्या क्रमाने आहेत, पण चढता क्रम मुख्यतः पोर्ट, एसएसडीचे स्लॉट आणि ओव्हरक्लॉकिंगची मुभा यांचा आहे, वेगाचा नाही.

नव्वद टक्के लोकांनी बी घ्यावा असं माझं मत: एएम५वर बी६५० किंवा बी८५०, एलजीए१७००वर बी७६०, एलजीए१८५१वर बी८६०. इंटेलचा ‘के’ अक्षराचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल तरच झेड लागतो. करायचा नसेल तर झेडचे पैसे प्रोसेसरमध्ये घाला.

एच६१० मात्र जपून. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅम अधिकृत वेगापलीकडे नेता येत नाही. डीडीआर४-३६००ची स्टिक लावली तरी ती ३२००वरच चालणार. कोअर आय३ किंवा साध्या आय५च्या ऑफिस मशीनला हा बोर्ड पुरतो, त्याहून वर नको. एएमडीचा ए६२० त्यामानाने उदार: त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, पण रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (खोक्यावरच्या वेगाची तयार सेटिंग) चालतं.

पायरी ४: व्हीआरएम, म्हणजे विजेचा मामला

स्वस्त बोर्ड प्रोसेसरला खरोखर मागे खेचतो तो इथे, म्हणून जरा थांबून वाचा.

एसएमपीएसकडून (पॉवर सप्लायकडून) बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्टच्या आसपास, पण करंट प्रचंड. हे रूपांतर करणारा भाग म्हणजे व्हीआरएम. सॉकेटच्या डावीकडे आणि वर दिसणारे छोटे चौकोनी ठोकळे, त्यांच्या शेजारचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिप), आणि बोर्ड बरा असेल तर त्यांवर बसवलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक. व्हीआरएम तापला की बोर्ड प्रोसेसरला वेग कमी करायला सांगतो. तुम्हाला एरर दिसत नाही, मशीन बंद पडत नाही. दहा मिनिटांनंतर ४.८चा प्रोसेसर ३.५वर आलेला असतो, इतकंच.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर इथे विसंबू नये. एएमडीचा ‘६५ वॉट’चा रायझन प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत जातो, ‘१०५’चा १४२पर्यंत आणि ‘१७०’चा २३०पर्यंत. इंटेलचा कोअर आय७-१४७०० कागदावर ६५ वॉटचा, पण टर्बोमध्ये (भार आला की वेग आपोआप वाढतो तेव्हा) त्याची मर्यादा २१९ वॉट. आय९-१४९००केची २५३. आता हा १४७०० एखाद्या हीटसिंक नसलेल्या एच६१०वर बसवून विकणारी कोटेशनं सर्रास दिसतात. ‘सपोर्ट करतो ना, चालतो’ हे त्यामागचं स्पष्टीकरण. चालतो, हे खरंच आहे. पण दिलेल्या पैशांइतका चालत नाही.

जाहिरातीत ‘१४ फेज’, ‘१६ फेज’ असं लिहिलेलं असतं (फेज म्हणजे व्हीआरएममधला वीज वाटून घेणारा एकेक गट). नुसत्या संख्येवरून काही ठरवू नका, कारण फेज मोजण्याच्या पद्धती कंपनीगणिक बदलतात. त्यापेक्षा व्हीआरएमवर दोन्ही बाजूंनी हीटसिंक आहे का ते बघा आणि त्या नेमक्या मॉडेलची तापमान मोजलेली चाचणी यूट्यूबवर शोधा. चाचणी करणारा बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत बसलेला असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला एसीविना मशीन चालवणार असाल तर त्याच्या आकड्यात १५-२० अंश मिळवा आणि मग ठरवा.

रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्ससारख्या सहा कोअरच्या चिपला मात्र हीटसिंक असलेला कुठलाही बरा बी६५० पुरून उरतो. एकूण हिशेब म्हणून एवढं ध्यानात ठेवा: बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या किमतीच्या वर जायला लागली तर कोटेशन पुन्हा वाचायची वेळ झाली.

पायरी ५: रॅम निवडणं

पहिला नियम, दोन सारख्या स्टिक, एकाच खोक्यातल्या. दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘दादा, डीडीआर५ची एकच स्टिक ड्युअल चॅनल असते, दुसरी नंतर टाका.’ अर्धसत्य आहे. ड्युअल चॅनल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन्ही वाटा एकाच वेळी वापरणं. डीडीआर५च्या एका स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन उपचॅनल असतात हे खरं, पण दोन्ही मिळून रुंदी ६४ बिटच होते, डीडीआर४च्या एका स्टिकइतकीच. ६०००ची एक स्टिक सेकंदाला ४८ जीबी देणार, दोन मिळून ९६. शिवाय ‘दुसरी नंतर’ घ्यायला जाल तेव्हा तेच मॉडेल मिळेल, आणि मिळालं तरी आत त्याच चिप असतील, याची खात्री नसते.

दुसरं, वेग आणि सीएल (डेटा मागितल्यावर तो येईपर्यंत जाणारे रॅमचे ठोके) यांचा आकडा एकत्र वाचा. नुसता मोठा वेग किंवा नुसता छोटा सीएल फसवतो. सोपा हिशेब: सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. डीडीआर४-३२०० सीएल१६ म्हणजे १०. डीडीआर५-६००० सीएल३० म्हणजेही १०. डीडीआर५-६००० सीएल३६ म्हणजे १२. आणि साधी, हीटसिंक नसलेली डीडीआर५-५६०० सीएल४६ म्हणजे १६.४. मागाशी सांगितलेल्या ७०-९० नॅनोसेकंदांच्या फेरीतला हा एक भाग आहे, त्यामुळे १६चे १० झाले म्हणून मशीन दीडपट धावणार नाही. पण किमतीत थोडाच फरक असेल तर कमी उत्तराची रॅम घ्यावी.

एएम५वर ६००० हा आकडा उगाच प्रसिद्ध नाही. रायझन ७००० आणलं तेव्हा एएमडीनेच तो सुचवला होता. त्या वेगापर्यंत प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने पळतो. ६४००च्या वर गेलं की बहुतेक वेळा तो अर्ध्या वेगावर उतरतो, आणि ७२००ची महाग रॅम ६०००हून कमी कामाची ठरू शकते. माझी शिफारस सरळ आहे: १६ जीबीच्या दोन, ६०००, सीएल३०. सीएल३६ बरीच स्वस्त मिळत असेल तर ती घ्या, हळहळू नका. रायझन ७ ७८००एक्स३डी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे रॅमकडे जायची वेळ कमी येते, साध्या ७६००कडे ती ३२ एमबी असते.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीवर डीडीआर५ ६०००हून वर सहसा सहज जाते, पण ६०००-६४००च्या पुढे किंमत जितकी वाढते तितका फायदा मिळत नाही. डीडीआर४ बोर्ड असेल तर ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८, दोन्हींचं उत्तर १०च.

८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक शक्यतो टाळा. त्यांच्यात चिपची मांडणी वेगळी असते, आतल्या बँकांचे गट निम्मे असतात आणि त्याच वेगाच्या १६ जीबीच्या स्टिकपेक्षा त्या थोड्या मंद पडतात. बजेट खूपच ताणलेलं असेल तरी एक १६ घेण्यापेक्षा दोन ८ बऱ्या.

चार स्टिक? डीडीआर५मध्ये नको. रायझन ७०००ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६००वर येतो. प्रत्यक्षात नशीब असेल तर याहून जास्त मिळतं, पण पैसे नशिबावर लावायचे नसतात. ६४ जीबी हवे असतील तर ३२च्या दोन घ्या. चार स्लॉट आहेत म्हणून ते भरलेच पाहिजेत असं नाही.

शेवटी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची मेमरीची यादी असते, क्यूव्हीएल म्हणतात तिला. आपल्या रॅमचा पार्ट नंबर तिथे असेल तर उत्तम. नसेल तर घाबरू नका, यादी सगळ्या रॅम तपासून केलेली नसते.

पायरी ६: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, आपल्या गावातल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, कोटेशनमध्ये पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. ‘बी६५० बोर्ड’ आणि ‘३२ जीबी डीडीआर५’ एवढंच लिहिलेलं कोटेशन म्हणजे दुकानदाराला कोरा चेक. बिलावर सिरियल नंबर हवेत, आणि १८ टक्के जीएसटी किमतीत धरला आहे की वर लागणार हे आधीच विचारा.

काउंटरवरच बोर्डाचं खोकं उघडा. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये बारीक पिना बोर्डाच्या बाजूला असतात. प्लास्टिकचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने तिरका प्रकाश टाका. सगळ्या पिना एका रेषेत चमकायला हव्यात. एखाद्या ठिकाणी चमक तुटलेली दिसली तर तो बोर्ड परत करा, कारण घरी गेल्यावर वाकलेली पिन तुमचीच. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड पाठवताना मागतात.

पायरी ७: जोडणी आणि बायॉस

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. बोर्डावर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. शेजारशेजारच्या पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन स्लॉटमध्ये लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. कित्येक तयार मशीनमध्ये नेमकं हेच झालेलं सापडतं.

डीडीआर५ मशीन पहिल्यांदा सुरू केलं की स्क्रीन काळी राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि यात काही मिनिटं जाऊ शकतात. या काळात पॉवर बटण दाबून बंद करू नका. चहा ठेवा.

मग बायॉस अपडेट, आणि तो टाळण्यासारखा नाही. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी चिप जास्त व्होल्टेजने जळाल्यावर एएमडीने नव्या बायॉसमधून एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे ताकदवान प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं उघड झालं, तेव्हा ऑगस्ट २०२४पासून त्यावरच्या उपायाचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायॉसमधूनच आले. दुकानातला बोर्ड याआधीचा साठा असू शकतो. जुन्या बी६५०वर रायझन ९००० लावायचा असेल तर मशीन सुरूच होणार नाही अशीही शक्यता असते. म्हणून मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल टाकली की प्रोसेसर नसतानाही अपडेट होतो.

त्यानंतरच रॅमचं प्रोफाइल चालू करा. एएमडीवर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी. हे केल्याशिवाय ६०००ची रॅम ४८०० किंवा ५६००वरच चालत राहते आणि कोणी काही सांगत नाही. बायॉस अपडेट केल्यावर ही सेटिंग पुसली जाते, तेव्हा पुन्हा चालू करावी लागते.

पायरी ८: तपासणी

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. स्पीडपुढे ६००० दिसायला हवं. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे ३०००च्या आसपास आकडा दिसेल. डीडीआर म्हणजे प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा, त्यामुळे त्याची दुप्पट धरा. सीपीयू-झेडच्याच मेमरी टॅबमध्ये चॅनलपुढे ‘४ गुणिले ३२ बिट’ असेल तर डीडीआर५च्या दोन्ही स्टिक आपापल्या चॅनलवर आहेत. ‘२ गुणिले ३२’ दिसलं तर स्लॉट तपासा.

मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. एकही एरर चालत नाही. आली तर मशीन बंद करून दोन्ही स्टिक पुन्हा नीट बसवा आणि टेस्ट परत लावा. तरी आली तर प्रोफाइल तसंच ठेवून वेग ५६०० करून बघा. ५६००वर एरर गेली तर स्टिक बहुधा ठीक असते, त्या प्रोसेसर-बोर्डाच्या जोडीला ६००० झेपत नसतं. प्रोफाइल पूर्ण बंद करूनही एरर आली तर एकेक स्टिक वेगवेगळी लावून टेस्ट करा, दोषी कोणती ते कळेल. बदलून घेताना मात्र पूर्ण जोडी बदलून मागा, एक स्टिक नव्हे.